वसंतातली शिकारी पक्ष्यांची गणती: जागा, वारा, भोवरा आणि वहीतले रकाने

प्रश्न: आम्ही आठ जण येत्या वसंतात उत्तरेकडे परतणाऱ्या शिकारी पक्ष्यांची गणती पहिल्यांदाच करणार आहोत. पक्षी ओळखायचा सराव सगळ्यांना थोडाफार आहे, मोजायचा अजिबात नाही. जागा कशी निवडायची, शेकडो पक्षी एकदम आले तर कसे मोजायचे आणि नोंद कशी ठेवली म्हणजे ती पुढे कुणाच्या तरी कामी येईल?

उत्तर: तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यावरच ठरतात. एका दिवसात ३,००० पक्षी गेले, एवढ्यावरून काहीच कळत नाही. किती तास बसलात, किती जण बघत होते, हवा कशी होती, कुठली रेषा ओलांडल्यावर पक्षी मोजला, हे सोबत असेल तरच त्या ३,००० ची पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करता येते. आठ तास बसून एकही पक्षी दिसला नाही, तर ‘आठ तास, शून्य’ ही नोंदसुद्धा तितकीच मोलाची. चांगल्या दिवशी यायचं आणि रिकाम्या दिवशी घरी बसायचं, असं केलं की दर तासाची सरासरी फुगते आणि ती वही कुठल्याही अभ्यासात वापरता येत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनचं आहे. तिथे लोक स्थलांतर करणारे शिकारी पक्षी बंदुकीने पाडत. रोझली एज यांनी १९३४ साली तो डोंगर ताब्यात घेऊन शिकार थांबवली आणि मॉरिस ब्रून तिथे रोज मोजायला बसू लागले. ती गणती शरदातली, पण धडा सगळीकडे लागू होतो. ब्रून बाल्ड ईगल नुसते मोजत नव्हते, त्यांचं वयही लिहीत होते. १९३५ ते १९३९ मध्ये तिथून गेलेल्या बाल्ड ईगलपैकी सुमारे ४० टक्के पिल्लाच्या पिसाऱ्यातले होते; १९५५ ते १९५९ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर आलं. मोठे गरुड दिसत होते, नवी पिढी येत नव्हती. लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ साली डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धच्या मांडणीत हे आकडे वापरले आणि अमेरिकेत १९७२ साली डीडीटीवर बंदी आली. ब्रून यांनी वयाचा रकाना भरायला सुरुवात केली तेव्हा डीडीटी कीटकनाशक म्हणून कुणाला माहीतही नव्हतं. तो गुण १९३९ साली कळला. आपण आज भरतो त्यातला कुठला रकाना पंचवीस वर्षांनी लागेल हे सांगता येत नाही, म्हणून सगळे रकाने भरायचे.

आता जागा. रुंद पंखांचे शिकारी पक्षी पंख मारत लांबचा प्रवास करत नाहीत, त्यात त्यांची ताकद संपते. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत, म्हणजे थर्मलमध्ये, घिरट्या घालत उंच जायचं आणि तिथून पंख ताठ ठेवून पुढच्या थर्मलपर्यंत घसरत जायचं, ही त्यांची रीत. वसंतात मोठ्या तळ्यांचं आणि समुद्राचं पाणी अजून थंड असतं, त्यावर थर्मल उठत नाही. म्हणून उत्तरेकडे निघालेला पक्षी पाण्यापाशी आला की ते ओलांडायचं टाळतो आणि काठाकाठाने वळसा घालतो. उत्तर अमेरिकेतल्या लेक ऑन्टारिओ या तळ्याच्या आग्नेय कोपऱ्यातलं डर्बी हिल आणि त्याच तळ्याच्या दक्षिण काठावरचं ब्रॅडक बे ही वसंतातली नामांकित ठिकाणं याच कारणाने झाली. इस्रायलमधल्या एलात इथे युरोप, आशिया आणि आफ्रिका यांमधला जमिनीचा अरुंद पट्टा हेच काम करतो. १९८५ च्या वसंतात तिथे साडेआठ लाखांहून जास्त हनी बझर्ड मोजले गेले. मेसिनाची सामुद्रधुनी आणि जिब्राल्टर इथे पक्षी पाण्याची सगळ्यात अरुंद पट्टी शोधतात.

पण शरदात गाजलेली जागा वसंतात चांगली असेलच असं नाही. अडथळा प्रवासाच्या वाटेत आडवा हवा. तळ्याचा दक्षिण काठ वसंतात पक्षी गोळा करतो, उत्तर काठ शरदात. नकाशावर आधी हे बघा, मग प्रत्यक्ष जा. पक्षी ज्या दिशेने येणार ती बाजू मोकळी हवी, पाठीमागे झाडं असली तरी चालतील. समोर डोंगराची कड, टॉवर, एकटं झाड अशा चार-पाच ठळक खुणा हव्यात, म्हणजे दुसऱ्याला पक्षी दाखवता येतो. निवडलेल्या एक-दोन जागांवर आठवडाभर एकाच वेळी माणसं बसवून पाहा आणि मग एकच पक्की करा. एकदा पक्की केलेली जागा ‘आज तिकडे जास्त दिसतायत’ म्हणून हलवायची नाही. नवे गट सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

वाऱ्याचं गणित नीट समजून घ्या. शरदात थंड हवा आत घुसल्यानंतरचा वारा पक्षी आणतो. वसंतात उलटं, पश्चिमेकडून कमी दाबाचा पट्टा येत असतो तेव्हा त्याच्या पुढे वाहणारा उबदार दक्षिणेचा वारा पक्षी आणतो. पाठीवर वारा मिळतो आणि तोच वारा त्यांना पाण्याच्या काठाशी दाबून ठेवतो. उत्तरेचा वारा असेल तर पक्षी थांबतात किंवा आतल्या बाजूने विखरून जातात. काठावरच्या ठिकाणांना आणखी एक गोष्ट छळते. दुपारी जमीन तापली की पाण्यावरून गार झुळूक जमिनीकडे येते आणि तिच्यामुळे थर्मल काठापासून आत सरकतात, त्यांच्यामागे पक्षीही. सकाळी डोक्यावरून जाणारी रांग दोन वाजता दोन-तीन किलोमीटर आत गेलेली असते आणि गणती करणाऱ्यांना वाटतं की पक्षी संपले. अशा वेळी स्कोप (ट्रायपॉडवरची एका डोळ्याची मोठी दुर्बीण) पाण्याच्या उलट बाजूला, क्षितिजालगत फिरवा. तिसरी अडचण धुक्याची: उबदार दमट हवा थंड पाण्यावर आली की काठावर धुकं बसतं आणि मागच्या बाजूने निवांत ऊन असतं. धुक्याच्या तासांनाही वहीत दृश्यमानता किती किलोमीटर होती ते लिहायचं, म्हणजे त्या तासातला शून्य कशामुळे आला हे कळतं.

हंगाम वाटतो त्यापेक्षा लांब असतो. प्रौढ पक्षी घरट्याच्या घाईत आधी निघतात, कोवळ्या वयाचे मागून सावकाश येतात. लेक ऑन्टारिओवर मार्चमध्ये गोल्डन ईगल आणि प्रौढ बाल्ड ईगल, मार्चअखेर ते एप्रिल टर्की गिधाडं आणि लाल शेपटीचे बझर्ड, एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ब्रॉड-विंग्ड हॉकची मोठी लाट, मेच्या सुरुवातीला छोटे शिकरे आणि मेअखेर पुन्हा ब्रॉड-विंग्ड, पण या वेळी एक वर्षाचे. एलातला फेब्रुवारी-मार्चमध्ये स्टेपी गरुड, मार्चअखेरीस स्टेपी बझर्ड, एप्रिलच्या उत्तरार्धात लेव्हान्ट शिकरे आणि मेच्या पहिल्या आठवड्यात हनी बझर्ड. फक्त लाटेच्या दहा दिवसांत बसलात तर एका जातीचं एका वयाचं चित्र हाती येईल. आठ जणांना तीन महिने रोज जमणार नसेल, तर आठवड्यातले वार आधी ठरवा आणि हवा कशीही असली तरी त्याच वारी बसा.

एका वेळी कमीत कमी दोन माणसं हवीत. एकाने बघायचं आणि मोठ्याने आकडा सांगायचा, दुसऱ्याने लिहायचं. लिहिणाऱ्याने मध्येच दुर्बीण उचलली की दोन्ही कामं बिघडतात. तिसरा माणूस असेल तर त्याच्याकडे स्कोप द्या. दर तासाला आपसात कामं बदला, कारण निळ्या आभाळात सलग बघत राहिल्यावर डोळा थकतो हे बघणाऱ्याला स्वतःला कळत नाही. भेट द्यायला लोक येतात, त्यांचं कुतूहल फार चांगलं, पण गणकाशी गप्पा नकोत. त्यांच्यासाठी एक स्वयंसेवक वेगळा ठेवा.

दुर्बीण ८x४२ किंवा १०x४२. आठपटीच्या दुर्बिणीत एक किलोमीटरवर साधारण १३० ते १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, दहापटीच्या दुर्बिणीत ११० मीटरच्या आसपास. शोधायला आठपट बरी, दूरचा पक्षी ओळखायला दहापट. स्कोप २०-६० झूमचा, ट्रायपॉडवर. पण शोधताना तो कमीत कमी झूमवर ठेवा. बोटाने दाबायचे टॅली क्लिकर दोन तरी हवेत. पेन्सिल ठेवा, पावसात आणि थंडीत बॉलपेन दगा देतं. वारा मोजायचं छोटं यंत्र नसेल तर बोफोर्ट मापन वापरा: पानं सतत हलतात आणि हलका झेंडा फडफडतो तो ३, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर, धूळ-कागद उडतात आणि बारीक फांद्या हलतात तो ४, म्हणजे २० ते २८. मार्चमध्ये पाण्याकाठी वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येतं. वाऱ्याकडे पाठ करता येईल अशी खुर्ची आणि हातमोजे यांवर गणतीचा दर्जा खरोखर अवलंबून असतो.

बघायची पद्धत. स्वच्छ निळ्या आभाळाकडे नुसतं बघितलं की नजरेला धरायला काही नसतं आणि डोळ्याचा फोकस आपोआप एक-दोन मीटरवर येऊन बसतो. समोर पक्षी असून दिसत नाही. म्हणून दर अर्ध्या मिनिटाने लांबच्या झाडांच्या रांगेवर किंवा ढगाच्या कडेवर नजर टेकवून परत वर न्या. दुर्बिणीने पहिला फेरा क्षितिजाला चिकटून डावीकडून उजवीकडे, दुसरा त्याच्यावर अर्धं दृश्य वर सरकवून परत, तिसरा आणखी वर. मग डोक्यावरचं आभाळ नुसत्या डोळ्यांनी. डोक्यावरून उंच जाणारे पक्षी सगळ्यात जास्त सुटतात. मान दुखते म्हणून लोक वर बघायचं टाळतात, त्यासाठी एक आरामखुर्ची ठेवाच. भोवरा, म्हणजे एकाच थर्मलमध्ये घिरट्या घालणारा थवा, वाऱ्याबरोबर वाहत सूर्याकडे गेला तर दुर्बीण ताबडतोब खाली. दुर्बिणीतून सूर्य क्षणभरही डोळ्यात जाता कामा नये. सूर्य हाताने किंवा खांबाने झाकून नुसत्या डोळ्यांनी थांबा. पक्षी दुसऱ्या बाजूने बाहेर येतात.

आता तुमचा मधला प्रश्न, शेकडो पक्षी एकदम आले तर. समजा एप्रिलअखेरची सकाळ, दहा वाजून गेलेत, पांढरे कापसासारखे ढग जमायला लागलेत. एका ढगाखाली मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके फिरताना दिसतात. तो ब्रॉड-विंग्डचा भोवरा. पहिली गोष्ट, तो फिरत असताना मोजायचा नाही. वर्तुळात फिरणारा पक्षी तीनदा मोजला जातो आणि त्याच्या पलीकडचा एकदाही नाही. फक्त एक अंदाज घ्या: वीस पक्षी मोजून तेवढा पुंजका केवढा दिसतो ते डोळ्यात धरा आणि असे किती पुंजके आहेत ते बघा. तो आकडा लिहिणाऱ्याला सांगून ठेवा, भोवरा हरवला तर तोच कामाला येईल. मग भोवऱ्याच्या माथ्याकडे लक्ष ठेवा. थर्मल संपतो तिथे एक पक्षी पंख ताठ करून उत्तरेकडे घसरायला लागतो, त्याच्यामागे दुसरा, तिसरा, आणि बघता बघता माथ्यातून दोरा सुटावा तशी रांग निघते. त्या रांगेच्या पुढच्या बाजूला दुर्बीण स्थिर धरा आणि पक्ष्यांच्या मागे फिरवू नका. दृश्याच्या मध्यावरची एक काल्पनिक रेषा पक्षी ओलांडेल तेव्हाच क्लिक. रांग पातळ असेल तर एका पक्ष्याला एक क्लिक. दाट झाली तर पाचाला एक किंवा दहाला एक, पण बदल करताना लिहिणाऱ्याला ‘आता दहा’ असं ओरडून सांगायचं आणि त्या क्षणाचा आकडा लिहून क्लिकर शून्यावर आणायचा. क्लिकरवर १८७ आहे आणि त्यातले किती एकाचे, किती दहाचे हे कुणालाच आठवत नाही, असा घोळ मोठ्या दिवशी हमखास होतो.

रांगेच्या शेवटी पुन्हा भोवऱ्याकडे बघा, खालून नवे पक्षी त्यात शिरलेले असतात. पुढच्या ढगाखाली तेच पक्षी पुन्हा भोवरा धरतील; ते तुमची रेषा ओलांडून गेलेत, त्यांना परत मोजायचं नाही. दोन रांगा एकदम सुटल्या तर दोन माणसांनी एकेक घ्यायची आणि कुणाची कुठली हे मोठ्याने बोलून ठरवायचं. दोघांनी तीच रांग मोजून बेरीज केली, तर आकडा दुप्पट होतो. मोठ्या थव्याचा नजरेने केलेला अंदाज बहुतेक वेळा कमीच येतो, म्हणून जमेल तेव्हा कॅमेऱ्याने फोटो घ्या आणि संध्याकाळी संगणकावर एकेक ठिपका मोजून अंदाजाशी ताडून बघा. आपण किती टक्के कमी सांगतो हे प्रत्येकाला आठवडाभरात कळतं. घरी सराव करायचा तर टेबलावर मूठभर दाणे टाका, तीन सेकंद बघा, आकडा बोला, मग मोजा. रोज दहा मिनिटं पुरेत.

ओळख रंगावरून होत नाही, आकार आणि चालीवरून होते. टर्की गिधाड पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर उचलून डुलत जातं, बाल्ड ईगल फळीसारखे सपाट ठेवतो, गोल्डन ईगल किंचित वर. ऑस्प्रीचे पंख कोपरात वाकून ‘एम’सारखे दिसतात. शिकरे भराभर चार-पाच वेळा पंख मारून थोडं घसरतात, ससाण्याचे पंख टोकदार आणि सतत चालू, भोवत्या (हॅरिअर) जमिनीलगत ‘व्ही’ धरून तरंगतो. पण जोराच्या वाऱ्यात बझर्डसुद्धा पंख मागे ओढून ससाण्यासारखा दिसतो, म्हणून एका नजरेवर भरवसा ठेवू नका, तो एकदा वळेपर्यंत थांबा. वय सांगताना वसंतात पिसं झिजलेली असतात हे लक्षात ठेवा. प्रौढ ब्रॉड-विंग्डच्या शेपटीवर ठसठशीत काळे-पांढरे पट्टे आणि पंखाच्या मागच्या कडेला गडद किनार असते, कोवळ्याच्या शेपटीवर बारीक पुसट रेघा. मेअखेरच्या एक वर्षाच्या पक्ष्यांची पंखातली आतली मोठी पिसं गळायला लागलेली असतात, तिथे खाच दिसते.

आणि जे ओळखू आलं नाही ते ‘अनोळखी बझर्ड’, ‘अनोळखी शिकरा’, ‘अनोळखी शिकारी पक्षी’ अशा रकान्यात लिहा. नव्या गटांना यात कमीपणा वाटतो आणि मग प्रत्येक दूरच्या ठिपक्याला नेहमीच्या जातीचं नाव मिळतं. त्याने नेहमीची जात वाढते, दुर्मिळ जात गायब होते आणि ही चूक नंतर कुणालाच दुरुस्त करता येत नाही. अनोळखी रकाना पूर्ण रिकामा असलेली वही अनुभवी माणसाला लगेच संशयास्पद वाटते.

कोण मोजायचा, कोण नाही, याचा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. त्याच शेतावर रोज फिरणारा, शिकार घेऊन जाणारा, घरट्यासाठी काड्या नेणारा पक्षी स्थानिक. तो वेगळ्या ओळीत. उत्तरेला जाऊन पुन्हा दक्षिणेला परतलेल्या पक्ष्यांचं काय करायचं हे ठिकाणावर अवलंबून असतं. लेक सुपिरिअरमध्ये घुसलेल्या व्हाइटफिश पॉइंटसारख्या टोकावर पक्षी पाण्यापर्यंत येतात, धीर होत नाही म्हणून मागे फिरतात आणि तासाभराने पुन्हा येतात. अशा जागी परतणारे वेगळे मोजून वजा करावे लागतात, नाहीतर पन्नास पक्ष्यांचे दोनशे होतात. नियम कुठलाही ठेवा, पण हंगामाच्या मध्यात बदलू नका.

वहीत दर तासाची एक ओळ. १९७४ साली स्थापन झालेल्या हॉक मायग्रेशन असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिकाचा तक्ता चांगला आहे, त्यावरून आपला करा: प्रत्यक्ष किती मिनिटं बघितलं, किती निरीक्षक, वाऱ्याची दिशा आणि वेग, तापमान, ढग किती टक्के, दृश्यमानता, पाऊस, पक्ष्यांची दिशा आणि उंची. उंचीचे बहुतेक संकेत त्यांनी मीटरमध्ये न ठेवता नजरेवर बेतले आहेत, आणि तेच बरोबर, कारण आभाळातली मीटरची उंची माणसाला सांगता येत नाही. ० म्हणजे डोळ्याच्या पातळीखाली, १ म्हणजे तिथून सुमारे ३० मीटरपर्यंत, २ नुसत्या डोळ्यांना सहज दिसतो, ३ नुसत्या डोळ्यांच्या हद्दीवर, ४ फक्त दुर्बिणीतून, ५ दुर्बिणीच्या हद्दीवर, ६ त्याही पलीकडे, ७ म्हणजे ठरावीक उंची नाही. ज्या तासांत उंची ४ आणि ५ आहे तिथले आकडे कमी धरले गेले असणार, हे अभ्यासकाला या एका अंकावरून समजतं. नऊ वीसला सुरुवात केली तर त्या तासाला ४० मिनिटं लिहा, ६० नाही. ज्या देशांत वसंतात घड्याळ तासभर पुढे करतात तिथे पूर्ण हंगाम प्रमाणवेळेतच लिहा, नाहीतर मार्चमधला दहाचा तास आणि एप्रिलमधला दहाचा तास वेगळे पडतात.

संध्याकाळी जागेवरून उठण्याआधी दोघांनी मिळून तासांच्या बेरजा ताडून बघायच्या, आडव्या आणि उभ्या. जुळत नसेल तर त्याच वेळी शोधायचं, रात्रीपर्यंत कुणाला आठवत नाही. मग त्याच दिवशी हॉककाउंट किंवा युरोपात ट्रेकटेलेन यांसारख्या इंटरनेटवरच्या सामायिक नोंदवहीत भरायचं आणि कागदाचा फोटो काढून ठेवायचा. नंतर एखादा आकडा दुरुस्त करावा लागला तर मूळ आकड्यावर एकच रेघ मारा, शेजारी नवा आकडा, तारीख आणि आद्याक्षरं लिहा. खोडरबर पेटीतून काढूनच टाका.